खेळण्यात अडकून जखमी झालेला पोपट: पहिल्या दहा मिनिटांपासून वरच्या दांडीपर्यंत

पाळलेल्या पोपटाला पिंजऱ्यात जखम होते ती बऱ्याचदा अगदी साध्या खेळण्यामुळे. सुती दोरीच्या झोपाळ्याचे धागे सुटतात आणि त्यात बोट गुंडाळलं जातं. घुंगरासारख्या गोल घंटीच्या फटीत नख जातं आणि बाहेर निघत नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशा दुहेरी रिंगमध्ये चोच अडकते. मग पक्षी जिवाच्या आकांताने फडफडतो, आणि नुसतं अडकून झाली नसती एवढी इजा त्या फडफडीत होते.

जखम डोळ्यांना दिसते, म्हणून घरच्यांचं सगळं लक्ष तिच्याकडे जातं. पण तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला खरा धोका असतो तो रक्त जाण्याचा, अंगातली ऊब जाण्याचा आणि खाणं बंद पडण्याचा. शिवाय पोपट दुखणं लपवतो. रानात आजारी दिसणारा पक्षी आधी शिकार होतो, त्यामुळे घरातला बजी हा छोटा परदेशी पोपटसुद्धा अंगात त्राण आहे तोवर ठीक असल्यासारखाच वागतो. तो पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून खाली जे सांगितलं आहे त्यात जखमेवर काय लावायचं याला जागा थोडी आहे. ऊब, शांतता आणि वजन यांना जास्त.

हे सगळं बजी, लव्हबर्ड, कॉकाटील, कॉन्यूर अशा पाळीव परदेशी जातींसाठी आहे. आपला लाल चोचीचा हिरवा पोपट आणि त्याचा मोठा भाऊ करण पोपट यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षण आहे, त्यांना घरी पाळता येत नाही. तसा एखादा जखमी होऊन खिडकीत आला, विशेषतः संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकून, तर त्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

आधी पंखा बंद

मुंबईच्या घरात छताचा पंखा बाराही महिने फिरत असतो आणि हातातून सुटलेला घाबरा पक्षी थेट त्यात जाऊ शकतो. म्हणून पहिलं काम पंख्याचं बटण. मग खिडक्या लावा, टीव्ही बंद करा, लहान मुलांना आणि मांजर-कुत्र्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.

पक्षी लटकत असेल तर एका हाताने खालून आधार द्या, म्हणजे त्याचं वजन अडकलेल्या बोटावर येणार नाही. दुसऱ्या माणसाने खेळणं पिंजऱ्यापासून कापून सोडवायचं. आधी खेळणं पिंजऱ्यापासून वेगळं करायचं आणि मग पक्षी खेळण्यापासून, हा क्रम बदलू नका. बोट ओढून काढायचा मोह होतो. त्यात बोट निखळतं, कधी नख मुळासकट येतं.

पक्ष्याला धरायला पंचा घ्या. टर्किश टॉवेल नको, त्याच्या गाठींमध्ये नखं अडकून दुसरीच भानगड होते. पंचा मागून पाठीवर टाका, अंगठा आणि मधलं बोट जबड्याच्या दोन बाजूंना, पहिलं बोट डोक्यावर, आणि अंग तळहातात सैल. छातीवर दाब अजिबात नको. आपल्यासारखा श्वासपटल पक्ष्याला नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्याच्या आत हवा जाते. ते हाड घट्ट दाबलं तर चोच मोकळी असूनही पक्षी गुदमरतो. घाबरलेल्या माणसाची पकड नकळत आवळते, म्हणून दर थोड्या वेळाने स्वतःचीच बोटं तपासा.

धागा, घंटी, हूक

धागा अडकला असेल तर भरपूर उजेड हवा. मोबाइलचा टॉर्च तिसऱ्या कुणाच्या हातात द्या. बोट जवळून बघा: धाग्याच्या खालचा भाग फुगून चकचकीत झालेला असतो, रंग आधी गडद गुलाबी, मग जांभळा, आणि धाग्याच्या जागी कातडीत बारीक खाच. धागा वर दिसत असेल तर सलाइनचे थेंब टाकून तो ओला करा, टोक बोथट असलेली छोटी कात्री धाग्याखाली आडवी सरकवा आणि एकेक पदर कापा. ब्लेड वापरू नका. पक्षी एकदा झटकला की ब्लेड कुठे जाईल सांगता येत नाही.

खाचेत धागा बुडून कातडी वर आली असेल, तर हात लावू नका. ते काम भिंगाखाली, बऱ्याचदा भूल देऊन करावं लागतं. एखादा धागा निघाला म्हणून सगळे निघाले असंही धरू नका. सुती दोरीत बारीक पदर अनेक असतात, आणि आत राहिलेला एक पदरसुद्धा बोटाचा रक्तपुरवठा बंद करायला पुरतो. बोट तासाभरात पुन्हा गुलाबी आणि ऊबदार झालं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर.

घुंगराच्या फटीत बोट असेल तर पातळ पत्रा बारीक पक्कडीने फटीपासून दूर वाकवता येतो. पत्रा जाड असेल तर पक्कडीची झटापट करू नका. घंटी हातात धरून, तिचं वजन बोटावर येऊ न देता, तशीच डॉक्टरांकडे न्या. हूक चोचीत किंवा कातडीत रुतला असेल तरी हेच: साखळी कापा, हूक आहे तिथेच राहू द्या.

रक्त किती गेलं

पक्ष्याच्या अंगात साधारण वजनाच्या १० टक्के रक्त असतं. ३५ ग्रॅमच्या बजीच्या अंगात साडेतीन मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही. निरोगी पक्षी वजनाच्या १ टक्का रक्त गेलं तरी बहुतेक वेळा सावरतो. औषधाच्या ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, या हिशोबाने बजीसाठी ते सात थेंब होतात, ९० ग्रॅमच्या कॉकाटीलसाठी अठरा. पिंजऱ्याच्या कागदावरचे डाग याच हिशोबाने मोजा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. फडफडीने रक्त उडतं आणि असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, हेही ध्यानात ठेवा. घाबरून उगाच धावपळ करण्याआधी नीट बघा.

कातडीच्या जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून बोटाने हलकेच, पण सलग दाब द्या. पाच मिनिटं मध्ये उचलून बघायचं नाही, नाहीतर धरू लागलेली गुठळी निघते. नखाचं किंवा चोचीचं टोक तुटून रक्त येत असेल तर स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर चिमूटभर टोकावर दाबून धरा. दुकानात रक्त थांबवायची पावडर मिळते, ती फक्त नखासाठी. उघड्या कातडीवर ती झोंबते आणि आतल्या भागाला इजा करते.

कधीकधी रक्त जखमेतून येतच नसतं. नवीन फुटणाऱ्या पिसाची नळी रक्ताने भरलेली असते, आणि पंख आपटल्यावर ती मोडली तर नळ गळावा तसं रक्त येत राहतं. तिच्यावरही कॉर्नफ्लोअर आणि दाब. पीस उपटायचा सल्ला बरेच जण देतात. तो निर्णय डॉक्टरांवर सोडा, कारण चुकीच्या कोनात ओढलं तर मुळाशी आणखी रक्तस्राव होतो.

घरातल्या औषधांच्या डब्यापासून लांब

हळद आपल्याकडे हाताशी असते आणि हेतू चांगलाच असतो. पण हळदीच्या थराखाली जखमेचा रंग दिसत नाही, आणि डॉक्टरांना ती घासून काढावी लागते, म्हणजे पक्ष्याला दुप्पट त्रास. तूप, खोबरेल किंवा कुठलंही चिकट मलम पिसांना लागलं की पिसं एकमेकांना चिकटतात आणि अंगातली ऊब धरून ठेवत नाहीत. शिवाय पोपट ते सगळं चोचीने काढून गिळतो. माणसांच्या खाजेच्या मलमांत स्टिरॉइड असतं आणि पक्ष्यांना त्याचा फार लवकर अपाय होतो. डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड नको.

वेदनाशामक गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून देणं हा सगळ्यात घातक उपाय. भारतातली गिधाडं डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. तेच औषध आपल्या घरात पाठदुखीसाठी असतं. पोपटाला वेदनाशामक द्यावंच लागतं, आणि ते द्यायला डॉक्टरांनी कुचराई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दुखणारा पक्षी खात नाही. पण औषध कुठलं आणि किती, ते वजन बघून तेच ठरवतील.

धुवायला मेडिकलमध्ये मिळणारं नॉर्मल सलाइन पुरेसं आहे. बेटाडीन वापरायचं तर फिक्या, कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून.

लगेच निघायचं की सकाळची वाट बघायची

पाच मिनिटं दाब देऊनही रक्त थांबत नसेल, तर निघा. पाय किंवा पंख लोंबकळत असेल, हाड दिसत असेल, डोळ्याला लागलं असेल, गळ्याला फास बसला असेल, चोचीचा तुकडा उडाला असेल, तरीही. शांत अंधारात दहा-पंधरा मिनिटं ठेवल्यावरही पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली हलत असेल, तर तेही सकाळपर्यंत थांबण्यासारखं नाही. गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीला भोक पडलं तर प्यायलेलं पाणी छातीवरच्या पिसांवर ओघळतं. ही खूण पटकन लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

खेळण्याचा तुकडा गिळल्याची शंका वेगळ्या प्रकारची. दोरीचे धागे पिशवीत गोळा होऊन अडकतात. जस्ताचा मुलामा असलेली साखळी, स्वस्त घंटीचा लोलक, शिशाचं वजन यांचे कण पोटात गेले तर विषबाधा होते. ओकाऱ्या, मरगळ, पाय लटपटणं, एकदम खूप पातळ शी, झटके, यांतलं काहीही दिसलं तर एक्सरे काढावाच लागतो. उशीर केला नाही तर जड धातूंवर इलाज आहे.

नखाचं टोक तुटलं, रक्त थांबलं, पक्षी दांडीवर बसून खातो आहे: अशा वेळी रात्री धावपळ न करता ऊब देऊन सकाळी दाखवलं तरी चालतं.

मुंबईत कुठे, कसं न्यायचं

गल्लोगल्ली प्राण्यांचे दवाखाने आहेत, पण बहुतेक डॉक्टर कुत्री-मांजरं बघतात. म्हणून निघण्याआधी फोन करून सरळ विचारा: "पक्षी बघता का? आत्ता पक्ष्यांचे डॉक्टर आहेत का?" परळची बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि तिच्या आवारातच १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. खासगी दवाखान्यांत पक्ष्यांवर काम करणारे मोजकेच आहेत, आणि त्यांचा नंबर पक्षी धडधाकट असतानाच शोधून फ्रिजवर लावून ठेवायचा असतो.

न्यायला मोठा पिंजरा नको. भोकं पाडलेला बुटाचा खोका चालतो, किंवा छोटा कॅरियर. आत दांडी नको, तळाला पंचा चुरगळून ठेवा म्हणजे पक्षी घसरणार नाही. पाण्याची वाटी सांडून पक्षी भिजतो, त्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवा. खोक्यावर सुती कापड. उपनगरातून परळला जायचं असेल तर रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे येत नाही, मग सुरुवातीपासून टॅक्सी केलेली बरी. मध्ये उतरून चढताना हिसके बसतात. चालकाला एसी आणि गाणी बंद ठेवायला सांगा. गर्दीच्या वेळची लोकल शक्यतो टाळाच.

ज्याने लागलं ते खेळणं सोबत घ्या. शीचा कागद, रक्ताच्या डागांचे फोटो, शेवटचं वजन, लागल्याची वेळ. डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली की आपण निम्मं विसरतो, म्हणून प्रश्न लिहूनच न्या: औषध किती मिलिलिटर आणि किती दिवस, पट्टी कोण बदलणार, पुन्हा कधी आणायचा, आणि कुठली खूण दिसली तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता यायचं.

पाय मोडल्यासारखा वाटला तर आइस्क्रीमची काडी बांधून न्यायच्या भानगडीत पडू नका. चुकीचं बांधलेलं हाड चुकीचंच जुळतं. पक्ष्याचं हाड पटकन जुळतं, साधारण तीन आठवड्यांत, आणि म्हणूनच पहिल्या एक-दोन दिवसांत ते सरळ बसवून घेणं महत्त्वाचं.

आजारपणाचा पिंजरा

घरी आल्यावर खरी सेवा सुरू होते. नेहमीचा पिंजरा उंच असेल तर काही दिवस एखादा छोटा, बुटका पिंजरा किंवा जाळीचं झाकण असलेला प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या. उंचावरून पडायला जागाच नको. दांडी जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, आणि तिच्यावर कापडी पट्टी घट्ट गुंडाळलेली, सुटा धागा एकही न ठेवता. पायच दुखत असेल तर दांडी काढून तळाला घडी केलेला पंचा. त्यावर पांढरा कागद अंथरा. वर्तमानपत्रावर शीचा आणि रक्ताचा रंग कळत नाही.

ऊब २९ ते ३२ अंशांच्या आसपास हवी. एप्रिल-मेच्या दुपारी ती आपोआप मिळते, पण एसीच्या खोलीत, पावसाळी रात्री आणि जानेवारीत ती द्यावी लागते. एलईडी बल्बने ऊब मिळत नाही. जुना चाळीस वॉटचा तारेचा बल्ब किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा सिरॅमिक हीटर पिंजऱ्याच्या बाहेर, एकाच बाजूला लावा. काहीच नसेल तर गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळून एका कडेला. एकाच बाजूला यासाठी की उकडलं तर पक्ष्याला स्वतःहून दुसरीकडे सरकता यावं. तो पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर ऊब जास्त झाली. पिसं फुगवून गोळा झाला असेल तर कमी पडते आहे. थर्मामीटर पक्षी बसतो त्या उंचीवर ठेवा.

जागा निवडताना मुंबईच्या फ्लॅटची अडचण असते ती हवेची. स्वयंपाकघराजवळ नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पोपट मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. उदबत्ती, धूप, कापूर, मच्छर अगरबत्ती, फवारणीचं औषध, सगळं बंद. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल तर पक्षी दोन दिवस नातेवाइकांकडे हलवा. खिडकीच्या ग्रिलमध्ये पिंजरा ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे, पण जखमी पक्षी दिसला की कावळे जमतात, आणि कबुतरांच्या विष्ठेतून संसर्ग येतो तो वेगळाच. आतली खोली, अर्धा पिंजरा कापडाने झाकलेला, दिवसा मंद उजेड. रात्री दहा-बारा तास शांत अंधार, पण कॉकाटील असेल तर एक छोटा दिवा राहू द्या. ते गडद काळोखात दचकून आपटतात.

जोडीदार असेल तर त्याचा पिंजरा शेजारी ठेवा, एकत्र मात्र नको. प्रेमाने पिसं साफ करताना तो जखमेची खपलीसुद्धा काढतो.

औषध चोचीत कसं जातं

पिण्याच्या पाण्यात मिसळलेल्या औषधावर माझा विश्वास नाही. किती पोटात गेलं ते कळतच नाही आणि कडू पाणी पक्षी पीत नाही. सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज घ्या. पक्षी पंच्यात, तोंड तुमच्याकडे, डोकं किंचित वर. सिरिंजचं टोक त्याच्या डाव्या बाजूने चोचीच्या कडेला टेकवा, रोख उजवीकडे. थेंब सोडा, थांबा, जीभ हलून तो गिळताना दिसला की पुढचा थेंब. एका दमात दाबलं तर औषध श्वासनळीत जातं, आणि पक्षी मूळ जखमेने नाही तर त्यानेच दगावतो. खोकल्यासारखा आवाज आला किंवा नाकातून बुडबुडा आला तर लगेच थांबा आणि डोकं पुढे झुकू द्या.

पक्षी बरा दिसायला लागला म्हणून अँटिबायोटिक अर्ध्यावर सोडू नका. औषध आटोपल्यावर पंचा काढून लगेच पिंजऱ्यात टाकू नका. मिनिटभर हातावर बसू द्या, आवडीचा दाणा द्या, बोला. दिवसात दोनदा पकडणारा हात शत्रू वाटू नये म्हणून हे फार उपयोगी पडतं.

रोज सकाळी वजन

आजारपणात एकच उपकरण विकत घ्यायचं असेल तर ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. पिसांमुळे पक्षी वाळलेला दिसतच नाही. छातीचं हाड बोटाला धारदार लागेपर्यंत उशीर झालेला असतो. सकाळी पहिली शी झाल्यावर, खायच्या आधी, रोज त्याच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. ९० ग्रॅमचा कॉकाटील ८६ वर आला तर डॉक्टरांना फोन. ८१ वर आला म्हणजे दहावा हिस्सा गेला, त्या दिवशी दाखवायलाच हवं. उलट रोज एखादा ग्रॅम परत येत असेल तर जखम अजून वाईट दिसत असली तरी दिशा बरोबर आहे.

खाणं तेच ठेवा जे तो आधी आवडीने खात होता. सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेट, म्हणजे पक्ष्यांचं तयार गोळीदार खाद्य, शिकवायची ही वेळ नाही. दाणे आणि पाणी दोन्ही जमिनीलगत, उथळ वाट्यांत, तो बसतो तिथून मान वळवली की पोचतील असे. सोबत मक्याचं कणीस, पेरूची फोड, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग. पावसाळ्यात मोडांना चार-पाच तासांत वास येतो आणि शेंगदाण्यांना न दिसणारी बुरशी धरते; मोड थोडेच घाला, उरलेले काढून टाका, आणि कच्चे शेंगदाणे या काळात देऊच नका. मिरची मात्र खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागत नाही. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, खारट फरसाण कधीच नको.

शीचे तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा चुन्यासारखा भाग, आणि भोवती थोडं पाणी. बजी दिवसाला पंचवीस ते पन्नास वेळा शी करतो. आकडा निम्म्यावर आला म्हणजे तो दाणे सोलतो आहे पण गिळत नाही. टरफलांचा ढीग बघून आपण फसतो, म्हणून शी मोजा. काळी डांबरासारखी किंवा रक्ताची शी दिसली, पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, तर डॉक्टर.

स्वतःहून न खाणाऱ्या पक्ष्याला बळेच पेज भरवू नका. तो आणखी अशक्त होतो आहे म्हणजे डॉक्टरांनी नळीने भरवायची वेळ आली आहे.

जखम बरी होताना

दिवसातून एकदाच, औषधाच्या वेळी, जखम बघून घ्या. सारखं पकडून बघणं हाच मोठा त्रास. खपली कोरडी, कडा गुलाबी, सूज उतरती, तर काही करायचं नाही. खपली ओढू नका, आंघोळीची वाटी ठेवू नका. पट्टी असेल तर तिच्या खालची बोटं रोज बघा: सुजली, गार पडली, रंग बदलला तर पट्टी आवळली आहे. पट्टी ओली झाली की बदलावीच लागते. घरातली चिकटपट्टी पिसांना लावू नका.

धाग्याने रक्त अडलेलं बोट कधीकधी वाचत नाही. ते आधी काळं, मग सुकलेल्या काडीसारखं होतं, आणि डॉक्टर ते काढतात किंवा ते आपोआप गळतं. बघताना पोटात तुटतं, पण पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, आणि एक गेलं तरी तो चढतो, दाणा धरतो, चांगलं आयुष्य काढतो. त्याच्यासाठी फक्त दांड्या बदला. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या घासून धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, एक जाड, एक बारीक, एक थोडी चपटी. गुळगुळीत एकाच जाडीची दांडी काढून टाका. या काळात सगळा भार धडक्या पायावर येतो, आणि त्याच्या तळव्याला लाल, चकचकीत चट्टा पडू लागतो. तो वेळीच दिसला तर मऊ दांडीने थांबतो; दुर्लक्ष झालं तर फोड होऊन महिनोन्महिने चालतो. त्यामुळे तपासताना बऱ्या पायाचा तळवा आधी बघा.

पक्षी जखम चावत असेल तर तिथे दुखतं आहे किंवा धाग्याचा पदर राहिला आहे. गळ्यात कॉलर घालायचा निर्णय घरी घेऊ नका. कित्येक पक्षी कॉलर घातल्यावर खाणंच सोडतात. तोवर त्याच्या चोचीला दुसरं काम द्या: कणसाची पानं, साध्या कागदाच्या पट्ट्या, कागदात गुंडाळलेले चार दाणे, सगळं जमिनीवर.

दांडी एका वेळी थोडीशीच वर न्या, आणि तो न अडखळता खालच्या दांडीवर चढ-उतर करू लागल्यावरच. पंखाला लागलं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत उडवू नका, आणि पहिल्यांदा सोडाल ती बंद, पंखा थांबलेली, आरशावर चादर टाकलेली खोली असू दे.

खेळणी परत

बरा झालेला पक्षी बऱ्याचदा खेळण्यांना भितो. नवीन खेळणं आधी पिंजऱ्याबाहेर, चार हातांवर टांगा. तो तिकडे बघत निवांत खाऊ लागला की जवळ आणा. स्वतः त्याच्यासमोर खेळण्याशी खेळा. पोपटाला आपल्या हातातली वस्तू हवीशी वाटते.

दोरीची, कापडी झोपडीची आणि घुंगराची खेळणी पुन्हा आणू नका, एवढंच मी ठासून सांगेन. क्रॉफर्ड मार्केटमध्ये असो की ऑनलाइन, खेळणं हातात आलं की आधी जोड बघा. बंद होणारी, आटे असलेली स्टेनलेस स्टीलची कडी चांगली. उघडे हूक, दुहेरी रिंग, चकाकणारा मुलामा असलेली साखळी काढून फेका. रिंगमधून डोकं अर्धवट जात असेल तर ती नकोच: एकतर अख्खा पक्षी सहज पार होईल एवढी मोठी हवी, नाहीतर डोकं शिरणारच नाही एवढी छोटी. मोठ्या पोपटाचं खेळणं बजीला आणि बजीचं मोठ्याला देऊ नका.

घरी करायचं तर रंग न लावलेलं भेंड फार छान. बाशिंगाला वापरतात तेच, हलकं, आणि चोचीने कुरतडायला मऊ. कडा घासलेली नारळाची करवंटी, बांबूचे तुकडे, ताडाच्या पानाच्या पट्ट्या हेही चालतं. ओवायला चामड्याची रंग न दिलेली पट्टी घ्या, आखूड. दर रविवारी सगळी खेळणी उतरवून उजेडात धरा, आणि तुटलेला तुकडा किंवा लोंबणारं टोक दिसलं की कापा.

नखं वाढलेली असतील तर ती कापून घ्या, कारण आकड्यासारखं वळलेलं नख कापडातही अडकतं. आणि पक्ष्याच्या पायात जन्मापासूनची धातूची रिंग असेल तर तिच्याकडेही याच नजरेने बघा. ती पायावर सहज फिरते का, खालची कातडी सुजली आहे का, तिच्यात एखादा धागा किंवा तार शिरेल अशी फट आहे का? शंका आली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून ती कापून घ्या; घरी पक्कड लावू नका, पाय मोडतो. कापण्याआधी रिंगवरच्या नंबरचा फोटो काढा आणि कापलेली रिंग पक्ष्याच्या कागदपत्रांसोबत पाकिटात ठेवून द्या.